माळ्यावरचे दात आणि गेलेले तारवाले डॉक्टर

मागच्या महिन्यात या पानावर मी सहज एक ओळ टाकली होती, की ठाण्यातले आमच्या आधीच्या पिढीचे तारवाले, म्हणजे तार लावून दात सरळ करणारे, डॉक्टर एकेक करून चाललेत आणि त्यांच्यामागे कोणी चार ओळीही लिहीत नाही, तुम्हाला कोणी आठवत असेल तर कळवा. मला वाटलं तीन-चार पत्रं येतील, आली भरपूर. बऱ्याच जणांनी "मलाही लहानपणी तार होती" एवढंच कळवलंय, त्यांना थँक्यू. बाकीच्यांतली पाच घेतलीयेत. आणि हो, मी स्वतः ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे तारवालीच, नौपाड्यात एकतीस वर्षं तारा वाकवल्या आणि तीन वर्षांपूर्वी शटर खाली ओढलं, तेव्हा या विषयात मी तटस्थ वगैरे अजिबात नाहीये, आधीच सांगून ठेवते.

ताई, माझे सासरे ऑर्थोडॉन्टिस्ट होते. मागच्या मार्गशीर्षात गेले. त्यांचं क्लिनिक असलेली बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला चाललीये, दोन महिन्यांत रिकामं करायचंय. माळ्यावर बुटांच्या खोक्यांत प्लास्टरचे दातच दात आहेत, मी मोजायला बसले, ४१० पर्यंत मोजले आणि सोडून दिलं. हे म्हणतात डेब्रिजबरोबर जाऊ दे, नणंद म्हणते बाबांचं आख्खं आयुष्य आहे ते. दुसरं म्हणजे वर्षश्राद्धाला छोटी पुस्तिका काढायचीये, नातेवाईकांकडून मजकूर मागवला तर सगळ्यांनी 'हसतमुख, मनमिळाऊ, सतत मदतीला तत्पर' असंच पाठवलंय. खरं सांगू का, बाबा हसतमुख नव्हते, चांगले चिडके होते. काय लिहायचं? — एक सून, पाचपाखाडी

अगं, बुटांची खोकी वाचून मला माझाच माळा आठवला, आमच्यात सगळ्यांकडे बुटांचीच खोकी असायची, दुकानदार फुकट द्यायचा आणि एका खोक्यात बरोबर तीन जोड्या बसायच्या.

आधी ते दात म्हणजे काय ते सांगते, कारण तुझ्या मिस्टरांना ते नुसतं प्लास्टर वाटतंय. त्यांना आम्ही स्टडी मॉडेल म्हणतो. तार लावायच्या आधी पेशंटच्या तोंडात तो गुलाबी लगदा भरलेला ट्रे घालतात ना, पोरांना उमासे येतात तो, तो अल्जिनेटचा. तो बाहेर काढला की लगेच त्यात प्लास्टर ओतावं लागतं, ठेवून दिला तर त्यातलं पाणी उडून तो आक्रसतो आणि माप चुकतं. मग रबरी वाटीत प्लास्टर कालवायचं, खालून टेबल थडथडवून बुडबुडे काढायचे, सुकलं की ट्रिमरवर घासून कोपरे पाडायचे, शेवटी साबणाच्या पाण्यात बुडवून कापडाने घासून चमकवायचं. आता एक कर. त्यातली एक जोडी घे, वरचा जबडा आणि खालचा, आणि दोन्ही त्यांच्या पाठीवर टेबलावर आडवे ठेवून एकमेकांकडे सरकव. नीट केलेली असतील तर दात आपोआप मिटतील, जसे त्या पेशंटचे त्या दिवशी मिटायचे अगदी तसे. ज्याला हे जमलं तो माणूस चिडका असणारच, कारण पाठ अर्धा मिलिमीटर जास्त घासली गेली की सगळं परत.

आणि एवढं जपून का ठेवायचे? कारण दोन वर्षांनी कोणालाच आठवत नाही दात आधी कसे होते ते. पेशंटला नाही, त्याच्या आईला तर नाहीच. दात सरळ झाले की माणसाला वाटतं ते पहिल्यापासून असेच होते. आमच्या धंद्याची ही गंमत आहे, बायपास केलेल्या डॉक्टरला लोक जन्मभर दुवा देतात आणि आमचं काम जितकं चांगलं झालं तितकं ते दिसेनासं होतं. ती मॉडेल्सच काय ती साक्षीला असतात.

तर करायचं काय. सगळी ठेवू नकोस, ते शक्य नाही आणि बाबांनीही सांगितलं नसतं. पण नावासकट डेब्रिजमध्ये अजिबात देऊ नकोस, बुडाशी पेन्सिलने नाव, वय आणि तारीख असते, ती पेशंटची खाजगी गोष्ट आहे, पॉलिश पेपर घेऊन नावं घासून टाक, मग जाऊ दे. आणि कोणीतरी सुचवेल, खाडीत नको. त्यातून दहा-बारा जोड्या बाजूला काढ. सगळ्यात सुंदर झालेल्या नको, ज्या बाबांनी वेगळ्या ठेवल्या असतील त्या, कपाटात, टेबलाच्या खणात, ज्यांच्यावर काहीतरी खरडलंय त्या. त्या त्यांना सतावणाऱ्या केसेस असणार. नवी मुंबईत चार-पाच डेंटल कॉलेजं आहेत, एखाद्या कॉलेजच्या ऑर्थो डिपार्टमेंटला फोन करून विचार, आजकाल सगळं स्कॅनरवर होतं त्यामुळे मुलांना हाताने ट्रिम केलेलं मॉडेल बघायलाही मिळत नाही, कोणीतरी आनंदाने घेईल.

आता पुस्तिका. हसतमुख-मनमिळाऊ सगळं काढून टाक, ते कोणाच्याही पुस्तिकेत चालतं. बाबांच्या खणात जा आणि बघ ते कुठली तार वापरायचे. चेष्टा नाही करत. जर बारीक उभ्या खाचेचे ब्रॅकेट, म्हणजे तार अडकवायला दातावर बसवतात त्या छोट्या पकडी, आणि पितळी पिना सापडल्या आणि तारेचा छोटा स्पूल, ज्यावर ऑस्ट्रेलियाचं नाव आणि विल्कॉक असं लिहिलेलं असेल, तर तुझे सासरे बेगवाले. सत्तर-ऐंशीच्या दशकात आपल्याकडे बहुतेक सगळे बेगच शिकले. रेमंड बेग, जन्म १८९८, ऑस्ट्रेलियातल्या कूलगार्डी नावाच्या सोन्याच्या खाणींच्या गावात, गेले १९८३ साली ॲडलेडला. विशीत अमेरिकेला जाऊन खुद्द अँगलकडे शिकून आले, अँगल कोण ते पुढच्या प्रश्नात येतंय. गुरूने दिलेला ब्रॅकेट त्यांनी नंतर चक्क उलटा करून वापरला, खाच हिरडीकडे. आणि तार बनवून घेतली आर्थर विल्कॉक नावाच्या धातुशास्त्रज्ञाकडून, अशी की बारीक असूनही तिची स्प्रिंग महिनोन्महिने मरत नाही. हलका जोर, पण सतत, हा त्यांचा सगळा खेळ.

बेगच्या डोक्यात आणखी एक होतं. त्यांनी ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या जुन्या कवट्या बघितल्या, कचकच असलेलं खडबडीत अन्न खाऊन त्यांचे दात वरून आणि बाजूंनीही झिजलेले, त्यामुळे जबड्यात जागा आपोआप होत गेलेली. आपण मऊ खातो, दात झिजत नाहीत, मग गर्दी होते, म्हणून दात काढून जागा करा असं त्यांचं म्हणणं. पुढे यावर बऱ्याच जणांनी शंका घेतल्या, पण माझ्या आजीचे दात मी बघितलेत, जात्यावरच्या पिठाची भाकरी सत्तर वर्षं खाऊन सपाट झालेले, पाट्यासारखे, त्यामुळे बेग म्हटलं की मला आजीच आठवते.

तर पुस्तिकेत हे लिही. बाबा कुठे शिकले एवढंच नाही, कसे शिकले. बेगमध्ये प्रत्येक तार हाताने वाकवावी लागायची, वरच्या-खालच्या दातांना ओढणारं रबर अडकवायला गोल वेटोळं, दाढेच्या आधी एक बाक, शेवटच्या टप्प्यात मुळं फिरवायला केसाएवढ्या स्प्रिंगा. आता ब्रॅकेटमध्येच सगळे कोन घालून येतात. त्यामुळे त्या पिढीच्या उजव्या अंगठ्याला आणि तर्जनीला प्लायरचा घट्टा असायचा. बाबांना होता का? नणंदेला विचार, मुलींना वडिलांचे हात आठवतात. ते कशावर चिडायचे ते लिही, बहुतेक रबरं न लावणाऱ्या पोरांवर असणार, आम्ही सगळेच चिडतो. आणि एखादी केस जी फसली आणि त्यांनी परत केली, ती माहीत असेल तर नक्की लिही, ती तर पहिल्या पानावर.

एक शेवटचं, फोटो छापायच्या आधी कोणा डेंटिस्टला दाखव. तोंडातले टाळूचे फोटो आरसा घालून काढलेले असतात, त्यामुळे डावं उजवीकडे दिसतं, प्रेसवाला तसंच छापतो आणि मग बाबांचे जुने मित्र श्रद्धांजली बाजूला ठेवून त्यावरच बोलत बसतील.

मॅडम, मी फायनल इयर बीडीएसला आहे. डिपार्टमेंटच्या कार्यक्रमात 'दिवंगत ऑर्थोडॉन्टिस्ट' यावर दहा मिनिटं बोलायला सांगितलंय. बावीस जणांचे फोटो, जन्म, मृत्यू, शोध अशा स्लाइड्स झाल्यात, पण वाचताना मलाच झोप येतेय. अँगल म्हटलं की आम्हाला क्लास वन, टू, थ्री सोडून काहीच आठवत नाही. — विद्यार्थिनी, नेरूळ

बावीस जण दहा मिनिटांत म्हणजे एकाला सत्तावीस सेकंद, त्यात तर आपण थुंकायलाही सांगत नाही पेशंटला. एकवीस स्लाइड्स उडव आणि एक भांडण सांग. आपल्या शास्त्रातलं सगळ्यात मोठं भांडण, दात काढायचे की नाही काढायचे. त्यात चार मेलेली माणसं येतात आणि चौघंही जिवंत वाटतात.

पहिला एडवर्ड हार्टली अँगल. १८५५ साली पेनसिल्व्हेनियात जन्म, शेतकऱ्याच्या घरात. डेंटिस्ट झाला, तब्येत बिघडली, मग सगळं सोडून मोंटानात मेंढ्या पाळायला गेला. कडाक्याच्या हिवाळ्यात मेंढ्या मेल्या आणि साहेब परत दातांकडे. मी नेहमी म्हणते त्या वर्षी थंडी कमी पडली असती तर आज आपण क्लास टू डिव्हिजन वनला, म्हणजे पुढे आलेल्या वरच्या दातांना, काय म्हटलं असतं देव जाणे. १८९९ ला त्याने वेड्यावाकड्या दातांचं वर्गीकरण मांडलं, तेच क्लास वन, टू, थ्री, तुला पाठ आहेच, वरची पहिली दाढ खालच्या पहिल्या दाढेच्या खाचेत कशी बसते त्यावरून. म्हणजे सव्वाशे वर्षं झाली आणि आजही वाशीपासून पनवेलपर्यंत कुठल्याही क्लिनिकच्या केस पेपरवर पहिली ओळ तीच. १९०० ला सेंट लुईसला फक्त ऑर्थोडॉन्टिक्स शिकवणारी शाळा काढली, तोपर्यंत हे वेगळं शास्त्र आहे असं कोणी मानतच नव्हतं. आणि १९२० च्या दशकात, सत्तरीला टेकलेला असताना, एजवाइज ब्रॅकेट काढला, ज्याची पोरं-नातवंडं आजही तुम्ही चिकटवता. पत्नी ॲना हॉपकिन्स, तीही डेंटल पदवीधर, शिष्य तिला मदर अँगल म्हणायचे. ती स्लाइडवर असू दे, तिचं नाव कोणी घेत नाही.

माणूस मात्र भयंकर हट्टी. त्याचं म्हणणं, देवाने दिलेले सगळे दात तोंडात राहिलेच पाहिजेत, सगळे नीट बसवले की चेहरा आपोआप नीट होतो. दात काढणं म्हणजे पाप. आणि त्याच्याशी वाद घालणं म्हणजे शाळेतून बाहेर.

समोर उभा राहिला कॅल्व्हिन केस. शिकागोचा, अँगलपेक्षा आठ वर्षांनी मोठा, चेहऱ्याकडे बघून ठरवणारा. त्याचं म्हणणं, काही पेशंट असे असतात की सगळे दात ठेवले तर तोंड पुढे येतं, अशांचे काढावेच लागतात. सगळ्यांचे नाही, काहींचे. १९११ साली यावर जाहीर वाद झाला, अँगलच्या बाजूने त्याचा शिष्य मार्टिन ड्यूई उभा राहिला, आणि लोक अँगलच्याच बाजूने गेले. केस १९२३ ला गेला. हरलेला म्हणून गेला, हे विसरू नकोस.

आता चार्ल्स ट्वीड. हा माझा आवडता, त्यामुळे इथे दोन मिनिटं जास्त घे. ॲरिझोनातल्या टूसॉनचा, अँगलच्या अगदी शेवटच्या शिष्यांपैकी, म्हाताऱ्याचा लाडका. अँगल १९३० ला गेला आणि ट्वीड गुरूच्या शब्दाप्रमाणे एकही दात न काढता काम करत राहिला. मग काही वर्षांनी त्याने जे केलं ते आपल्यापैकी किती जण करतील मला शंका आहे. त्याने स्वतःचे संपलेले पेशंट परत बोलावून त्यांचे चेहरे आणि मॉडेल्स बघितली. बऱ्याच जणांचे दात परत हललेले, नाहीतर तोंड पुढे आलेलं. त्याने त्यातल्या कित्येकांचे चार प्रीमोलर, म्हणजे सुळ्यामागच्या छोट्या दाढा, काढून पूर्ण ट्रीटमेंट परत केली, आणि म्हणतात दुसऱ्यांदा फी घेतली नाही. १९३६ ला हे छापलं तेव्हा अँगलच्या माणसांनी त्याला गुरुद्रोही ठरवलं. १९४० ला तो शंभर पेशंटची मॉडेल्स आणि फोटो घेऊन बाकीच्या ऑर्थोंसमोर गेला, आधीची ट्रीटमेंट आणि नंतरची, दोन्ही शेजारी शेजारी मांडून ठेवली, या बघा. भाषण केलं असतं तर कोणी ऐकलं नसतं, पण प्लास्टरशी भांडता येत नाही ना. तिकडे ॲडलेडमध्ये बेग १९२८ पासूनच दात काढून काम करत होता, तोही अँगलचाच शिष्य, म्हणजे म्हाताऱ्याच्या घरातूनच दोघं फुटले.

आणि मग सगळेच काढत सुटले, हेही सांग, नाहीतर ट्वीड हिरो होऊन बसेल. मीही त्याच लाटेत शिकले. १९९४ सालची माझी एक पेशंट, पंधरा वर्षांची, दात थोडेसे पुढे. पुस्तकाप्रमाणे चार काढले, आत घेतले, मॉडेलवर अप्रतिम दिसलं. तारा काढल्या त्या दिवशी तिची आई खूश, पेढे घेऊन आली, आणि मी बाजूने बघतेय तर ओठ आत गेलेले, हसली की चेहरा वयापेक्षा थोराड. कोणी तक्रार केली नाही. पेढा खाल्ला मी. आजही राम मारुती रोडला गर्दीत तसा चेहरा दिसला की पोटात गोळा येतो. तिला परत बोलावायची हिंमत माझी झाली नाही, ट्वीडची झाली होती, म्हणून तो आवडता.

वेळ उरला तर हॉली ब्रॉडबेंट घे, क्लीव्हलँडचा, त्याने १९३१ ला डोकं एकाच ठिकाणी धरून बाजूने एक्स-रे काढायची पद्धत दिली, म्हणजे तुमचा लॅटरल सेफ. त्यानंतर हे भांडण डोळ्यांवरून मोजपट्टीवर आलं, १९४८ ला विल्यम डाउन्सने कोन मोजून दिले आणि मग प्रत्येकाचे वेगवेगळे आकडे. प्रॉफिटचं पुस्तक तर तुमच्या होस्टेलवर उशाला असतंच, ते विल्यम प्रॉफिट २०१८ साली गेले, त्याआधी २००७ ला ग्रेबर, आमच्या वेळी उशाला त्यांचं होतं. आणि शेवटचं मिनिट आपल्याकडचं ठेव. इंडियन ऑर्थोडॉन्टिक सोसायटी १९६५ ची आहे, तेव्हा देशात ऑर्थो बोटांवर मोजण्याएवढे, सामान बाहेरून यायचं, बँड पेशंटच्या दाढेवर पट्टी वळवून तिथेच वेल्ड करायचे. तुमच्या डिपार्टमेंटच्या भिंतीवर आधीच्या एचओडींचे हार घातलेले फोटो असतील, त्यातल्या एकाबद्दल जुन्या अटेंडंट काकांना विचार. स्लाइड नको, नुसतं सांग. झोप कोणालाच येणार नाही.

डॉक्टरबाई, मासिकाचं आख्खं पान दात सरळ करणाऱ्यांवर? हा श्रीमंतांच्या मुलींचा शौक. आठवणी काढायच्या तर हार्ट सर्जनच्या काढा, साथीत गेलेल्या डॉक्टरांच्या काढा. शिवाय आता तारेऐवजी दातांवर चढवायचे ते पारदर्शक अलायनर आलेत, तुमच्या तारा भंगारात जाणार. — एक निवृत्त बँकवाले, घोडबंदर रोड

काका, अर्धं बरोबर आहे तुमचं. माझ्याकडे निम्म्या मुली लग्न ठरत नाही म्हणून यायच्या आणि निम्म्यांना आईने ओढत आणलेलं असायचं. पण या शास्त्राच्या सुरुवातीला जी माणसं होती त्यातला नॉर्मन किंग्सली, १८२९ ते १९१३, न्यूयॉर्कचा, तो शिल्पकारही होता, आणि त्याचं नाव झालं ते टाळू फाटलेल्या पेशंटसाठी तोंडात बसणारा कृत्रिम टाळू बनवून. ज्याचं पाणी प्यायलं की नाकातून येतं आणि बोललेलं कोणाला कळत नाही, त्याला बोलता करायचा. वर आलेला कॅल्व्हिन केससुद्धा त्याच कामातला. आजही फाटलेल्या टाळूचं मूल सर्जनने शिवलं की त्यानंतर पंधरा-सोळा वर्षं ते ऑर्थोकडे येत राहतं. ते श्रीमंत नसतं काका, एसटीने येतं.

आणि अलायनरचं म्हणाल तर ते चढवायच्या आधी दातांवर जे पांढरे ठिपके चिकटवतात ना, ते चिकटतात कारण मायकेल बुओनोकोर नावाच्या माणसाने १९५५ साली दाखवून दिलं की दाताच्या एनॅमलला फॉस्फोरिक ॲसिड लावलं की त्याला सूक्ष्म खड्डे पडतात आणि त्यात प्लास्टिक घट्ट बसतं. त्याआधी प्रत्येक दाताला स्टीलची पट्टी गुंडाळायला लागायची, पोरगं हसलं की भांड्याचं दुकान. तो ऑर्थो नव्हता, साधा डेंटिस्ट, १९८१ साली गेला. माझ्या मते आमच्या प्रत्येक क्लिनिकमध्ये त्याचा फोटो हवा, पण माझ्याकडेही नव्हता, गणपतीचा होता.

मॅडम, मुलीला तारा लावून चौदा महिने झालेत आणि आमचे डॉक्टर अचानक गेले. क्लिनिक बंद आहे. त्यांच्या मिसेसना फोन करायला लाज वाटते, त्यांच्यावर एवढं कोसळलंय आणि आपण फाइल काय मागायची, पैशांचं काय विचारायचं. — एक आई, ऐरोली

मागा. दिवस होऊ द्या, मग फोन करा, आधी दोन शब्द बोला आणि मग सरळ सांगा. त्यांनाही ते हवंच असतं, बंद क्लिनिकमध्ये चाळीस-पन्नास तोंडं अर्धवट आहेत ही काळजी त्या घरात चालूच असणार. फाइल, एक्स-रे आणि सुरुवातीची मॉडेल्स घ्या. जवळच्या दुसऱ्या ऑर्थोना फोन करा, डॉक्टर गेले तर त्यांचे पेशंट आपापसात वाटून घ्यायची पद्धत आमच्यात बऱ्याच ठिकाणी आहे. तोपर्यंत रबरं चालू ठेवायची का ते नव्या डॉक्टरांना फोनवरच विचारा, कोणी तपासत नसताना रबरं ओढत राहणं बरं नाही. तार एखादा महिना जास्त राहिली तर काही बिघडत नाही. पैसे किती झाले किती राहिले ते कागदावर लिहून ठेवा, पण तो विषय पहिल्या फोनला काढू नका. आणि फाइल हातात आली की त्यांनी स्वतःच्या अक्षरात काय प्लॅन लिहिलाय ते नव्या डॉक्टरांना वाचायला लावा, आपल्यातले काही जण न वाचताच सगळं उपटून पहिल्यापासून सुरू करतात. तसं म्हणाले तर का, ते विचारा.

डॉक्टर ताई, मी चौदा वर्षांची असताना, १९९१ साली, ठाण्यातल्या एका डॉक्टरांनी माझे दात सरळ केले. पुढे आलेल्या दातांवरून शाळेत मला काय काय म्हणायचे ते लिहीत नाही. मागच्या महिन्यात तलावपाळीला गेले होते तर त्यांची पाटी काढलेली, खालच्या मेडिकलवाल्याने सांगितलं ते दोन वर्षांपूर्वी गेले. मी तिथेच रडले. तीस वर्षांत एकदाही भेटायला गेले नव्हते. आता घरच्यांना काही कळवावं का, की वेडेपणा वाटेल? घरी येऊन कपाटातला, तारा काढल्यावर दात जागेवर राहावेत म्हणून त्यांनी दिलेला रिटेनर शोधला. — कोपरखैरणे

कळवा. वेडेपणा कसला. आमच्याकडे पेशंट दोन वर्षं दर महिन्याला येतो, त्याची दहावी आम्हाला माहीत असते, त्याचं पहिलं ब्रेकअप आम्हाला माहीत असतं कारण रबरं लावलेली नसतात, आणि मग एक दिवस तारा निघतात आणि तो जातो तो जातोच. आम्हीच सांगतो, आता यायचं काम नाही. त्यामुळे तुम्ही गेला नाहीत यात तुमचं काही चुकलं नाही.

पत्र पोस्टाने पाठवा, मेडिकलवाल्याकडे घरचा पत्ता असेल. "भावपूर्ण श्रद्धांजली" लिहू नका, ती त्यांना दोनशे आलीयेत. शाळेत काय म्हणायचे ते इथे नाही लिहिलंत, तिथे लिहा. आणि डॉक्टरांचं एखादं वाक्य, त्या खोलीतला वास, तुम्हाला वाट बघताना काय वाचायला ठेवलेलं असायचं, जे आठवेल ते. सोबत दोन फोटो, एक नववीतला आणि एक आत्ताचा, हसताना, तोंड मिटून नाही. माझ्याकडे असं एक पाकीट आलं होतं, मी जिवंत असतानाच, पण अजून कपाटात आहे.

रिटेनरचं तुम्ही विचारलं नाहीयेत, पण तो शोधलात म्हणजे तोंडात घालून बघितलाच असणार, मला माहितीये. टाळूला गुलाबी प्लास्टिक आणि पुढच्या दातांवरून तार, असाच आहे ना? त्याला हॉली रिटेनर म्हणतात, चार्ल्स हॉली नावाच्या अमेरिकन ऑर्थोच्या नावावरून, तो १९२९ ला गेला, जवळजवळ शंभर वर्षं झाली आणि ती पट्टी अजून तशीच्या तशी बनते. तुमच्या डॉक्टरांनी तारेचा तो बाक स्वतःच्या हाताने घातलेला आहे, लॅबवाल्याने नसेल तर. अर्धवट बसत असेल तर दात थोडे हललेत, तीस वर्षांत हलतातच, जोर लावून दाबू नका, दात दुखेल नाहीतर ती तार तुटेल. आणि धुवायचा असेल तर साधं गार पाणी, गरम अजिबात नको, प्लास्टिक वाकडं होतं.